खुर्च्या वर कशा येणार?

माथेरानात एखादा कार्यक्रम ठरवायला चार माणसं बसली, की ‘पाहुणे कोण’ हा प्रश्न दुसरा येतो. पहिला येतो तो खुर्च्यांचा. बाकीच्या गावांत मंडपवाल्याला फोन केला की टेम्पो थेट मैदानात येऊन उभा राहतो. इथे टेम्पो दस्तुरी नाक्यावर थांबतो, आणि तिथून बाजारपेठेपर्यंतचा अडीच-तीन किलोमीटरचा रस्ता खुर्च्यांनी घोड्याच्या पाठीवरून, हमालाच्या डोक्यावरून नाहीतर हातगाडीतून पार करायचा. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आला आणि त्याला जागा आवडली. मोटार तेव्हा जन्मायचीच होती. ती जन्मली, वाढली, साऱ्या जगभर फिरली, पण माथेरानने तिला दारात उभं केलं ते केलंच. ई-रिक्षा सोडली, तर आत येते ती फक्त रुग्णवाहिका, आणि तिच्यातून खुर्च्या आणाव्यात ही सूचना अजून तरी कुणी मांडलेली नाही. म्हणजे उघडपणे मांडलेली नाही.

यामुळे इथल्या बैठकीत कुठलीही कल्पना आधी वजनकाट्यावर चढते. एखादा उत्साही तरुण म्हणतो, “स्टेजसमोर कारंजं ठेवू या.” कोपऱ्यातून एक म्हातारा विचारतो, “किती किलोचं?” कारंजं तिथेच आटतं. “एलईडी स्क्रीन लावू.” “किती किलोचा?” मग स्क्रीन पांढऱ्या चादरीवर उतरतो. गावातली सगळ्यात चांगली चादर कुणाकडे आहे यावर अर्धा तास जातो, आणि तो अर्धा तास बैठकीत सगळ्यात कामाचा ठरतो.

मी नेरळचा. माथेरानचा प्रत्येक सोहळा आधी आमच्या रस्त्यावरून जातो आणि आम्हाला त्यातली धूळ मिळते. तरी वरच्या बैठकांना मला अधूनमधून बोलावणं येतं, कारण मी घोडेवाल्यांचा नाही, रिक्षावाल्यांचा नाही, हॉटेलवाल्यांचा नाही आणि चिक्कीवाल्यांचा तर नाहीच. इतका कोणाचाच नसलेला माणूस वर सापडणं कठीण. २०११च्या जनगणनेत गावाची वस्ती साडेचार हजारांच्याही आत होती. त्यात लहान मुलं वजा केली, तर उरलेला माणूस समितीवर तरी असतो किंवा समितीवरच्या कुणाचा तरी मेहुणा असतो. रांगोळी स्पर्धेला परीक्षक म्हणून मग खालचा माणूस आणावा लागतो. तो निकाल देतो आणि शेवटची गाडी पकडून निघून जातो. परीक्षकाच्या अंगी यापेक्षा वेगळा गुण लागत नाही.

बैठका भरतात पावसाळ्यात. जूनमध्ये नेरळहून वर येणारी छोटी गाडी बंद होते, ती पावसाळा संपल्यावर सुरू होते. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंत एवढीच काय ती शटल चालू राहते. शनिवार-रविवारी भिजायला येणारी मंडळी सोडली, तर अधल्यामधल्या दिवशी गावाला काम नसतं. बाहेर असं धुकं, की समोरच्या दुकानदाराचं कर्जही दिसू नये. अशा हवेत माणूस फार मोठे बेत करतो. मे महिन्यात ज्याला बोलायला फुरसत नसते, तो ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय महोत्सवाची रूपरेषा मांडतो. एका बैठकीत तर स्वित्झर्लंडचा उल्लेख तीनदा झाला. तिथे जाऊन आलेलं कुणीच नव्हतं, पण एकाचा भाचा जाऊन आला होता आणि तिथेही छोटी आगगाडी आहे म्हणे.

महोत्सव कशाचा करायचा, ही माथेरानची खरी अडचण. डहाणूजवळच्या बोर्डीला चिकू आहे, त्यांचा चिकू महोत्सव होतो. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी आहे. भिलारला स्ट्रॉबेरी होतीच, वर २०१७ साली सरकारने ते पुस्तकांचं गाव करून टाकलं. आता तिथला माणूस एका हातात वाटी आणि दुसऱ्या हातात कादंबरी घेऊन बसतो. माथेरानला असं हातात धरण्यासारखं काय आहे? जांभूळ आहे, पण ते पिकतं तेव्हा अर्धं माकडं खातात आणि उरलेलं पहिल्या पावसात पडतं. चिक्की आहे, पण तिचे शेंगदाणे खालून येतात, गूळ खालून येतो, आणि चिक्कीचा महोत्सव जाहीर केला तर लोणावळा कोर्टात जाईल अशी भीती एका ज्येष्ठ सदस्याला वाटते. चपला आणि बूट चांगले मिळतात, पण चपलांचा महोत्सव म्हटल्यावर प्रमुख पाहुणे यायला कचरतील. उरली लाल माती. ती तर पाहुणे आपापल्या कपड्यांवरून फुकटच नेतात.

एकदा कुणीतरी कारवीचं नाव काढलं. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, सगळी टेकडी जांभळी होते, आणि महोत्सव सात वर्षांतून एकदाच करावा लागतो. समितीला हे इतकं आवडलं की टाळ्या पडल्या. एक कार्यक्रम, मध्ये सात वर्षं विश्रांती, तोवर नगर परिषदेची एक निवडणूक होऊन दुसरी दाराशी आलेली. मागच्या वेळी काय चुकलं हे विचारायला जुनं कुणी उरणार नाही, आणि उरलं तरी वही सापडणार नाही. हा ठराव कसा काय मागे पडला मला कळलं नाही. बहुधा कुणीतरी विचारलं असावं, की कारवीला तारीख कोण कळवणार.

मग एका निवृत्त शिक्षकांनी हात वर केला. सर कमी बोलतात, त्यामुळे ते उठले की लोक मोबाइल खाली ठेवतात. सर म्हणाले, “आपण उगाच शोधतोय. मुंबईचा माणूस इथे येतो तो हॉर्न ऐकू येत नाही म्हणून. आपल्याकडे शांतता आहे. तिचाच उत्सव करा.”

सगळे गप्प झाले. खरंच सुंदर कल्पना होती. केंद्र सरकारने २००३ साली माथेरानला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केलं, त्या कागदातसुद्धा इतक्या नेमक्या शब्दांत गावाचं भांडवल सांगितलेलं नसेल. शांततेचा महोत्सव एकमताने मंजूर झाला आणि लगेच पुढचा विषय निघाला, साउंड सिस्टिम कुणाची?

सर म्हणाले, “साउंड कशाला?”

“उद्घाटनाला लागेल ना, सर.”

“माइकशिवाय बोलू.”

“मग शांतता आहे हे लोकांना कळणार कसं?”

पुढच्या तासाभरात शांतता महोत्सवासाठी ढोल-ताशा पथक, लेझीम, कराओके, शांतता या विषयावर घोषवाक्य स्पर्धा आणि त्या घोषणा देत बाजारपेठेतून काढायची फेरी एवढं ठरलं. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा नियम असल्यामुळे दहाच्या ठोक्याला दोन मिनिटं खरोखरीची शांतता पाळावी, अशी तडजोड सरांसाठी करण्यात आली. कुणी सुचवलं, की पाहुण्यांचं भाषण एको पॉइंटवर ठेवलं तर साउंडचा खर्चच वाचेल. ही सूचना बारगळली, कारण तिथे प्रत्येक आश्वासन दोनदा ऐकू येईल आणि नंतर नेमकं कोणतं धरायचं हा वाद होईल. सरांनी इतिवृत्तावर सही केली. सरांची सही फार वळणदार आहे.

स्टेजला नाव कुणाचं, हा प्रश्न मात्र इथे अडत नाही. हुतात्मा भाई कोतवाल याच गावात १९१२ साली जन्मले, वकील झाले आणि बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ला सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी ते धारातीर्थी पडले. त्यांचं नाव आलं की बैठकीतले सगळे गट एकदम एका रांगेत बसतात. बाकी सगळ्या विषयांवर एकमेकांची तोंडं न पाहणारी माणसं या एका ठरावाला हात वर करताना मी पाहिली आहेत. कार्यक्रमाच्या ऐन मध्यात वीज जाते तेव्हासुद्धा कुणी वैतागत नाही. अंधारातून एखादे आजोबा म्हणतात, “भाईंच्या नावाचं स्टेज, तिथे लाइट टिकायची कशी?” आणि अख्खं मैदान हसतं. जनरेटर नसतोच. तो घोड्यावर चढत नाही.

आता प्रमुख पाहुणे. खालच्या जगात मोठ्या माणसाचं मोठेपण त्याच्या मागेपुढे धावणाऱ्या गाड्यांवरून कळतं. दस्तुरीला त्या सगळ्या गाड्या पार्किंगमध्ये लागतात, आणि साहेब दार उघडून खाली उतरतात तेव्हा ते इतर पाहुण्यांसारखेच दोन पायांवर उभे असतात. तिथून त्यांना आणायचं कसं, यावर जेवढी चर्चा होते तेवढी त्यांनी बोलायचं काय यावर होत नाही.

चालत आणावं, तर साहेबांचे गुडघे. घोड्यावर बसवावं, तर दोन अडचणी. एक, साहेब पडले तर. दोन, इथल्या घोड्यांना पॉइंट पाठ असतात, प्रमुख पाहुणे पाठ नसतात. सवयीने तो घोडा साहेबांना घेऊन पॅनोरमा पॉइंटकडे वळला, तर दीपप्रज्वलन कोण करणार? हातरिक्षा होती. एक माणूस पुढे ओढणारा, मागून ढकलणारे, आणि मध्ये हार घातलेले साहेब. असा फोटो निवडणुकीच्या वर्षात छापून आला तर काय होईल, हे समितीला सांगावं लागत नसे. २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं, की माणसाने माणसाला ओढणं सहा महिन्यांत थांबवा. न्यायालयाला जे माणसाच्या प्रतिष्ठेमुळे कळलं ते समितीला फोटोमुळे आधीच कळलं होतं, फक्त तिने ते कागदावर घेतलं नव्हतं. राहिली ई-रिक्षा. २०२२च्या डिसेंबरात ती चाचणीसाठी आली, शाळेच्या मुलांची आणि म्हाताऱ्यांची मोठी सोय झाली. पण ई-रिक्षा हवी की नको यावर गावात दोन तट आहेत आणि दोघांच्याही पोटाचा प्रश्न आहे. त्यामुळे साहेब रिक्षात बसले की घोडेवाले नाराज, घोड्यावर बसले की रिक्षावाले नाराज. इथे वाहनात बसणं म्हणजे भूमिका घेणं. भूमिका घ्यायची वेळ आली की आपले पुढारी चालायला लागतात, हा महाराष्ट्राचा अनुभव आहे. पण पुन्हा ते गुडघे.

शेवटी उत्तर मिळतं अमन लॉजच्या शटलमध्ये. १९०७ साली आदमजी पीरभॉय कुटुंबाने स्वतःच्या पैशाने ही दोन फुटी रुळांची गाडी डोंगरावर चढवली. तिच्यात बसल्याने कुणाचंच पोट दुखत नाही. साहेब खिडकीशी बसतात, समोरचं कुटुंब त्यांना म्हणतं, “काका, जरा बॅग सरकवता का?” आणि साहेब सरकवतात. मला तरी हा सोहळ्याचा सर्वांत रमणीय भाग वाटतो. दुर्दैवाने तो कार्यक्रमपत्रिकेत नसतो. एकच अडचण उरते, गाडी वेळेवर सुटते. वेळेवर दस्तुरीला पोचणारा माणूस प्रमुख पाहुणा कसा, असा समितीच्या मनात संशय येतो.

जाता जाता रेल्वेचा हिशेब सांगून टाकतो. १९०४ला काम सुरू झालं, १९०७ला गाडी वर आली. वीस-एकवीस किलोमीटर घाट, एक बोगदा, असंख्य वळणं, सगळं मिळून तीन वर्षं. स्टेजचं तोंड पूर्वेला की पश्चिमेला हा विषय माझ्या माहितीप्रमाणे त्याहून जास्त काळ चालू आहे.

पत्रिकेवरच्या नावांचा क्रम, शाली किती, नारळ किती, आभार कोण मानणार, यावर लिहीत नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाने आपापलं इतिवृत्त काढून वाचावं. फरक एवढाच, की इथे नारळही वजनात मोजतात आणि म्हणून सत्कारमूर्ती जरा कमी असतात. डोंगराने आपल्या संस्कृतीवर केलेले हे उपकार कुणी लक्षात घेत नाही.

खरी गंमत तारखेत आहे. महोत्सव कशासाठी? गर्दी नसते त्या दिवसांत पर्यटक यावेत म्हणून. हे प्रत्येक बैठकीत कुणीतरी ठासून सांगतो आणि सगळे माना हलवतात. मग कुणीतरी विचारतो, “पण गर्दी नसताना ठेवला तर येणार कोण?” याही प्रश्नाला माना हलतात. आणि तारीख पडते दिवाळीच्या सुटीतली, जेव्हा खोली मिळत नाही, दस्तुरीला गाडी लावायला जागा नसते, आणि घाटातली रांग आमच्या नेरळच्या भाजीबाजारापर्यंत आलेली असते. त्या गर्दीत महोत्सव होतो आणि गर्दी महोत्सवामुळे झाली असं नंतर छापून येतं. पावसाळा बेडकांमुळे येतो असं बेडकांना वाटत असेलच की.

प्रत्यक्ष दिवशी समितीची गाठ पडते हाऊजीशी. दिवाळीत इथे गुजराती कुटुंबं मोठ्या संख्येने येतात, आणि हॉटेलच्या पॅकेजमध्ये नाश्ता, दोन जेवणं, संध्याकाळची भजी आणि रात्री हाऊजी एवढं आलेलं असतं. गावात लावणी चालू असो, पोवाडा असो, की खास मुंबईहून आणलेला जादूगार असो, पहिली ओळ पूर्ण व्हायला एक आकडा उरलेला माणूस खुर्ची सोडत नाही. बाजारपेठेत चक्कर मारायला निघालेलं एखादं जोडपं स्टेजसमोर थबकतं आणि स्वयंसेवकाला विचारतं, “ये पैकेज में है क्या?” फुकट आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडतो. फुकट म्हणजे नक्की काहीतरी विकणार, असा शहाण्या पर्यटकाचा अंदाज असतो, आणि कोपऱ्यातला चिक्कीचा स्टॉल पाहता तो अगदीच चुकीचा म्हणता येत नाही.

मग प्रेक्षक कोण? ज्यांची मुलं नाचणार आहेत ते. पहिला नाच संपला की त्या मुलांचे आईबाप उठतात, दुसऱ्या नाचाचे येऊन बसतात. खुर्च्या मात्र त्याच राहतील असं नाही. काही खुर्च्या शाळेच्या, काही भजनी मंडळाच्या, काही हॉटेलांच्या, प्रत्येकीच्या पाठीवर मालकाचं नाव रंगवलेलं. घरी जाताना माणूस ज्यावर बसला होता ती खुर्ची सोबत नेतो, कारण ती त्याच्याच गल्लीतून आलेली असते. रात्री साडेनऊला मैदान पाहावं, तर प्रेक्षागृहच चालत घरी निघालेलं दिसतं.

पुढची रांग सोफ्यांची. सोफा खालून येत नाही. तो गावातल्याच एखाद्या हॉटेलच्या स्वागतकक्षातून हातगाडीवर येतो. म्हणून महोत्सवाच्या संध्याकाळी त्या हॉटेलात नवीन आलेले पाहुणे सामान घेऊन उभेच असतात. आणि इकडे राखीव सोफ्यावर पहिली येऊन बसतात ती माकडं. त्यांना आडनावं कळत नाहीत, पुष्पगुच्छ कळतो. गेल्या वेळी स्वागताचे गुच्छ त्यांनी पाकळ्यांसकट संपवले आणि मान्यवरांचा सत्कार उरलेल्या हिरव्या काड्यांनी झाला. निवेदकाने प्रसंगावधान राखून त्याला पर्यावरणपूरक सत्कार म्हटलं, तर टाळ्या पडल्या.

आता आढावा. दिवाळी गेली, नाताळ गेला, मे गेला, पाऊस लागला की आढावा बैठक भरते. म्हणजे मागच्या महोत्सवाचा आढावा आणि पुढच्याचं नियोजन एकाच दिवशी, त्याच सतरंजीवर, त्याच धुक्यात. विषयपत्रिकेवर आधी नियोजन आणि मग आढावा असा उलटा क्रम मी पाहिला तेव्हा मला ती चूक वाटली. अध्यक्ष म्हणाले, “आधी आढावा घेतला तर नियोजनाला कोण थांबणार?” एवढं व्यवस्थापनशास्त्र मला पुस्तकांत सापडलं नव्हतं.

महोत्सव कसा झाला, हे इथे प्रत्येकाच्या धंद्याप्रमाणे ठरतं. हॉटेलवाले शेठ म्हणतात उत्तम झाला, खोल्या फुल होत्या. त्या खोल्या महोत्सवाचा बोर्ड रंगायच्या आधीच भरल्या होत्या हे त्यांना माहीत आहे, पण ते कार्यक्रमाचे देणगीदार आहेत आणि दिलेल्या पैशाला वाईट म्हणणं कुणालाच जमत नाही. घोडेवाले म्हणतात बेकार झाला, फेऱ्या कमी झाल्या, माणूस नाच बघत बसला की पॉइंटला जात नाही. चिक्कीवाल्याचं मत विचारलं तर तो दोन्हीकडे मान हलवतो. लाउडस्पीकरवाला म्हणतो आवाज छान होता. सर म्हणतात, “दोन मिनिटं छान होती.”

सगळ्यात नेमकं परीक्षण हमालांचं. बैठकीला त्यांच्यापैकी एखादाच येतो, दाराशी उभा राहतो. त्याला विचारलं तर सांगतो, गेल्या वर्षीचा कार्यक्रम भारी होता, यंदाचा हलका होता. समितीचा चेहरा उतरतो. तो मापाबद्दल बोलत असतो. गेल्या वर्षी लोखंडी कमान होती, यंदा कापडी. वर नेताना एक वजन आणि उतरवताना दुसरं, हेही त्याने पाहिलेलं असतं. कुठल्या ट्रॉफ्या वाटल्याच गेल्या नाहीत, कुठल्या पाण्याच्या बाटल्यांचे खोके न उघडता परत गेले, किती शाली घडी न मोडता पुन्हा कुणाच्या घरी पोचल्या, याचा पक्का हिशेब त्याच्या मानेत असतो. समितीने फक्त त्याच्याकडून लिहून घेतलं, तर खजिनदाराचं निम्मं काम होईल. खजिनदारांनाही हे कळतं, म्हणूनच ते विषय बदलतात.

बचत गटाच्या ताईंचा अहवाल दोन मिनिटांत संपतो. त्यांनी वहीच आणलेली असते. थालीपिठं किती लागली, किती खपली, किती उरली, जैन आहे का असं किती जणांनी विचारलं, कांदा-लसणाशिवायचा वेगळा तवा ठेवला असता तर आणखी किती खपली असती, कुठल्या वेळेला स्टॉलवर माणूस नव्हता. महोत्सवाबद्दल संपूर्ण गावात लिहिलेला खरा कागद तेवढाच. तो ऐकून घेतल्यावर अध्यक्ष म्हणतात, “महिला भगिनींचं विशेष कौतुक,” टाळ्या होतात, आणि इतिवृत्तात ‘बचत गटाने मनोगत व्यक्त केले’ एवढं येतं. ताई वही पिशवीत घालतात. पुढच्या वर्षी त्यांच्या स्टॉलवर दोन तवे असतात. तेवढा एक बदल आढाव्यातून निघालेला मला दाखवता येईल.

पर्यटकांच्या अभिप्रायासाठी एक वही ठेवलेली असते. तिच्यात महोत्सवाबद्दल बहुतेक कुणी लिहीत नाही. लोकांचे जास्त अभिप्राय सूर्यास्तावर असतात. एकाने सूर्यास्त छान पण लवकर आटोपला असं लिहिलं होतं. एकाने माकडांच्या वर्तणुकीबद्दल व्यवस्थापनाला जाब विचारला होता. एका लहान मुलाने घोड्याचं चित्र काढलं होतं आणि त्याला पाच पाय होते. समितीने या चित्राची नोंद ‘प्रतिसाद उत्स्फूर्त’ अशी घेतली.

सहा खुर्च्या सापडत नाहीत, त्यावर शेवटचा पाऊण तास जातो. पाठीवरची नावं वाचून शोध घ्यावा, तर भजनी मंडळाची खुर्ची शाळेत आणि शाळेची हॉटेलात सापडते, आणि हॉटेलची खुर्ची कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असून कुणी बोलत नाही, कारण त्यावर त्या क्षणी खुद्द अध्यक्ष बसलेले असतात.

शेवटचा विषय, ऐनवेळचे. यात कुणी काही मांडत नाही असा संकेत आहे, कारण तोवर चहा आलेला असतो. पण एका बैठकीत एक घोडेवाले काका उभे राहिले. महोत्सवाचा मोठा फ्लेक्स, प्रमुख पाहुण्यांच्या हसऱ्या फोटोचा, कार्यक्रमानंतर कुठे गेला असं कुणीतरी विचारलं होतं. तो काकांच्या तबेल्यावर होता. पावसाळ्यात गळतीला दुसरं काही टिकत नाही. आता फ्लेक्स गावात आणावाच का, कापडी बॅनर का नको, यावर खडाजंगी सुरू होणार एवढ्यात काका हात जोडून म्हणाले, “वादात मला पाडू नका. कापडी करा, प्लास्टिकचं करा. माझी एकच सूचना लिहून घ्या. साहेबांचा फोटो चांगला आहे, खाली दोन घोडे सुखानं मावतात. पुढच्या वर्षी बॅनर दोन फूट लांब करा. तिसऱ्याची शेपटी भिजते.”

सचिवांनी ते लिहून घेतलं.